ऑपरेशन तिचं, पथ्य सगळ्या घराचं



आमच्या सासूबाईंची एक ठुशी आहे. गुजरीत घडवलेली, जुन्या घडणीची, गळ्याला घट्ट बसणारी. घरात लग्न निघालं की ज्या सुनेच्या पोराचं लग्न, तिच्या गळ्यात ती ठुशी, असा आमच्याकडचा रिवाज. साज लांब असतो, तो कुठल्याही वयात शोभतो. ठुशीचं तसं नाही. साठीच्या सुमाराला जिथली कातडी सैल पडायला लागते, नेमकी तिथेच ती बसते.

माझी धाकटी जाऊ ५८ वर्षांची. साखर निघाली म्हणून तिनं नेटानं वजन उतरवलं. पहाटे रंकाळ्यावर चालणं, रात्री काही नाही, गोड बंद. दीड वर्षात १६ किलो कमी झालं. साखर ताब्यात आली, पण चेहरा उतरला आणि हनुवटीखालची कातडी पिशवीसारखी लोंबायला लागली. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा तिनं आरशासमोर ठुशी घालून बघितली आणि न बोलता डबीत ठेवून दिली. मी तिथेच होते. मला काही कळलं नाही.

मार्गशीर्षात ती "लेकीला बरं नाही" म्हणून पुण्याला गेली आणि दहाव्या दिवशी परत आली. गळ्याला मफलर. "मान आखडलीय" म्हणाली. थंडीचे दिवस, कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. लग्नघर होतं. ती आली तशी पदर खोचून कामाला लागली. पापडाचं पीठ कुटलं, खाली वाकून डबे काढले, नातवाला उचललं, सकाळी बस्तीत जाऊन डोकं टेकवून नमस्कार घातला. रात्री मान फार ताठली असं म्हणाली. मी मोठी जाऊ, माझा जीव तिच्यावर. मी रबरी पिशवीत कढत पाणी भरलं, टॉवेलात गुंडाळलं आणि स्वतःच्या हातानं तिच्या मानेखाली ठेवलं. "चांगला अर्धा तास शेक घे," असं बजावून गेले.

सकाळी तिच्या कानाखाली, मानेच्या बाजूला रुपयाएवढे दोन फोड आले होते.

तेव्हा सगळं बाहेर आलं. तिनं पुण्यात मानेची सैल कातडी ओढून घेण्याचं ऑपरेशन केलं होतं. अशा ऑपरेशननंतर कानाची पाळी आणि मानेची कातडी काही आठवडे, कधी काही महिने बधिर राहते. तिला पिशवीचा चटका लागलाच नाही. डॉक्टरांनी शेक अजिबात नको असं सांगितलं होतं, तिला ते पाठ होतं. मग नको का म्हणाली नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणाली, "आक्का, नको म्हटलं असतं तर तुम्ही का म्हणून विचारलं असतं."

हे सगळं मी तिला विचारून लिहितेय. "नाव नको, बाकी सगळं लिहा," असं तिनंच सांगितलं.

आता माझी बाजू. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. नात्यातल्या एका बाईंनी डोळ्यांखालच्या पिशव्या काढून घेतल्या अशी कुजबुज निघाली. तेव्हा दहा बायकांत मी मोठ्यानं म्हटलं होतं, "साठीला आल्यावर कातडं ताणून काय मिळवायचंय? चितेवर ताणलेलं काय नि लोंबलेलं काय, सारखंच जळतं." सगळ्या हसल्या. जाऊही हसली. ते वाक्य मी विसरले, तिनं मनात ठेवलं. म्हणजे तिच्या मानेवरचा तो डाग पिशवीनं एकदा पाडला आणि माझ्या जिभेनं त्याच्या दोन वर्षं आधी.

म्हणून आज माझं मत स्पष्ट लिहिते. असं ऑपरेशन करावं की करू नये, हा जिचा तिचा प्रश्न. पण एकदा टाके पडले की ती पेशंट असते. मग पोट फाडलेलं असो की मान, तिला बरं होऊ देणं हे घराचं काम. आणि लपवून कुणालाच नीट बरं होता येत नाही. ज्याला विश्रांतीचं कारण सांगता येत नाही, त्याला विश्रांती मिळत नाही.

काहीजणी म्हणतील, ही सगळी आत्ताची श्रीमंती थेरं. तर एक जुनी गोष्ट सांगते, आपल्या पुण्याचीच. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर कावसजी नावाचा एक मराठी बैलगाडीवान होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीतल्या माणसानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. ही हकिकत लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ ला छापून आली. ती वाचून तिकडच्या डॉक्टरांना हे शिकावंसं वाटलं आणि जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला तसं पहिलं ऑपरेशन केलं. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात पुण्याचं नाव आहे ते असं.

मला त्या हकिकतीत नाकापेक्षा पुढचं जास्त आवडलं. जोडावर काताच्या पट्ट्या बसवायच्या, त्या चार दिवस हलवायच्या नाहीत. मग तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस माणसाला पाठीवर निजवून ठेवायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापड घालायचं, म्हणजे वाट मोकळी राहते. कपाळाशी जोडलेली कातडीची पट्टी कापायची ती पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. शिकलेसवरलेले डॉक्टर नाहीत, भूल नाही, पण कापण्याइतकंच महत्त्व निजवून ठेवण्याला होतं. त्या गाडीवानाला जी विश्रांती मिळाली ती आमच्या लग्नघरात माझ्या जावेला मिळाली नाही. (तूप आणि कात वाचून कुणी टाक्यांवर लावायला जाऊ नका. हळद नाही, कोरफड नाही, डॉक्टरांनी दिलेल्या मलमाशिवाय काही नाही.)

आता पथ्याचं लिहिते. फोडांच्या ड्रेसिंगसाठी आम्ही दोघी पुण्याला जाऊन आलो तेव्हा मी तिच्या डॉक्टरांना वही घेऊन विचारलं होतं. प्रत्येकीचं ऑपरेशन वेगळं, त्यामुळे शेवटचा शब्द तिच्या डॉक्टरांचा. पण घरच्यांना एवढं माहीत असावं.

या ऑपरेशनात साधारणपणे हनुवटीखाली आणि कानांच्या मागे काप घेतात, आतला सैल पडलेला स्नायू आवळतात आणि जादा कातडी काढतात. पहिला दिवस-रात्र सगळ्यात जपायची. आत रक्त साकळायचा धोका तेव्हा जास्त असतो. एकाच बाजूला एकाएकी सूज आली, ठणका वाढला, गिळताना किंवा श्वास घेताना अडलं, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी डॉक्टरांना फोन करून दवाखाना गाठायचा. रक्तदाब वाढला की हा धोका वाढतो. म्हणून बीपीची गोळी वेळेवर हवी. ऑपरेशनच्या दिवशी ती कशी घ्यायची, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिचं काय करायचं, हे आधी विचारून ठेवायचं. आपल्या मनानं बंद करायची नाही, आपल्या मनानं चालूही ठेवायची नाही.

वाकणं, जड उचलणं, जोरानं खोकणं, कुंथणं, या सगळ्यानं मानेतला आणि चेहऱ्यातला दाब वाढतो. म्हणून काही आठवडे पोरांना कडेवर घ्यायचं नाही, खालचे डबे काढायचे नाहीत. दुखऱ्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, तेव्हा भरपूर पाणी, मऊ भात-वरण, भिजवलेल्या मनुका. झोपताना डोकं आणि पाठ वर, पाठीवरच. मागे बघायचं तर नुसती मान नाही, सगळं अंग वळवायचं. निळंकाळं पडणं आणि सूज बहुतेक दोन आठवड्यांत बरीच उतरते, उरलेली हळूहळू. आवळ्याचा पट्टा दिलेला असतो तो सांगितले तेवढे दिवस वापरायचा. माझ्या जावेनं तो "दिसेल" म्हणून बॅगेतच ठेवला होता. बधिर जागेला गरम शेक नाही आणि सांगितल्याशिवाय बर्फही नाही. दुसऱ्या आठवड्यात उगाच रडू येतं, कशाला केलं असं वाटतं. तेव्हा जवळ कुणीतरी लागतं, आणि ज्याला माहीतच नाही तो जवळ कसा बसणार?

ताप, टाक्यांतून पू, लाली पसरणं, तोंडाची एक बाजू वाकडी वाटणं, पोटरी दुखून सुजणं, धाप लागणं, यांतलं काहीही झालं तर डॉक्टरांना लगेच कळवायचं.

आपल्या घरांत काही प्रश्न वेगळे येतात. दवाखान्यात ते आपणहून विचारले तरच सुटतात.

पहिला रात्रीच्या औषधाचा. माझ्या जावेला रात्रीभोजन त्यागाचा नियम आहे. अँटिबायोटिकच्या वेळा सकाळ आणि सूर्यास्ताआधी अशा बसवून मिळतात का, हे आधी विचारता येतं, पुष्कळदा तसं जमतं. पण रात्री दुखलं तर गोळी आणि घोटभर पाणी लागणारच. त्यासाठी ऑपरेशनच्या आधी महाराजांकडे किंवा माताजींकडे जाऊन आजारपणापुरती मोकळीक मागून घ्यावी. नियम घेतानाच औषध-पाण्याची सवलत ठेवणाऱ्या पुष्कळजणी आहेत. चोरून मोडायचा नाही आणि दुखणं सोसून रक्तदाबही चढवायचा नाही. जाऊनं सोसलं, कारण महाराजांना सांगायचं म्हणजे ऑपरेशनचंही सांगावं लागलं असतं.

दुसरा कॅप्सूलचा. बहुतेक कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं. तेच औषध गोळीत किंवा शाकाहारी कवचात मिळतं का, हे डॉक्टरांना विचारायचं. आपणच कॅप्सूल फोडून पूड घ्यायची नाही, औषध बिघडतं. तसंच टाक्यांच्या धाग्याचं. पूर्वी आत विरघळणारा धागा जनावरांच्या आतड्यापासून करायचे, तो अजूनही कुठे कुठे वापरतात. कृत्रिम विरघळणारे धागे आता सहज मिळतात. आधी सांगितलं तर डॉक्टर ऐकतात, टेबलावर निजल्यावर सांगून उपयोग नाही.

तिसरा खाण्याचा. जखम भरायला प्रथिनं लागतात. कांदा-लसूण-बटाटा नसला तरी आपलं काही अडत नाही. मुगाचं वरण, उडदाचं घुटं, पनीर, दूध, ताक, शेंगदाण्याची आमटी आहेच. पापड-लोणचं मात्र दूर ठेवावं, मिठानं सूज रेंगाळते. आणि उपवास नको. भाद्रपद शुद्ध पंचमीला दशलक्षण सुरू होतं. ज्यांना त्यात उपवास करायचेत त्यांनी ऑपरेशनची तारीख त्यापासून लांब ठेवावी, किंवा त्या वर्षी स्वाध्याय करून पर्व साजरं करावं. बस्तीत उभ्यानं, हात जोडून केलेला नमस्कारही देवाला पोचतो. कपाळ जमिनीला टेकवणं डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको.

चौथा दागिन्यांचा. काप कानामागे असतात, म्हणून कानवेल, जड झुबे, बुगड्या काही दिवस बाजूला. गळ्यात मंगळसूत्र असलं तर आवळ्याच्या पट्ट्याखाली ते रुतू द्यायचं नाही, डॉक्टर काढून ठेवा म्हणाले तर काढून ठेवावं. केसांना कलप किंवा मेंदी विचारूनच. व्रण काही महिने लालसर राहतो, वर्षभरात फिका पडतो, उन्हापासून जपावा लागतो. कान टोचल्यावर किंवा लस घेतल्यावर ज्यांना जाड गाठ आली होती त्यांनी ते आधीच सांगावं. हे सगळं धरून हिशेब केला तर लग्नाच्या आधी किमान तीन महिने हातात हवेत. आमच्याकडे दोनच होते.

आणि एक कानात सांगते. "जैन घरात कुठली तंबाखू" असं आपण म्हणतो, पण सकाळी नखभर मिश्री दाताला लावणाऱ्या कुणी नाहीतच असं नाही. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, ताणलेल्या कातडीला रक्त पुरत नाही आणि कडा काळ्या पडतात. ती आठवडेच्या आठवडे आधी बंद करावी लागते आणि डॉक्टरांपासून लपवायची नसते.

मी बी.कॉम. झालेली, पैशाचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. निव्वळ सौंदर्यासाठी केलेलं ऑपरेशन मेडिक्लेममध्ये बसत नाही. अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरची दुरुस्ती किंवा वैद्यकीय गरज असेल तर गोष्ट वेगळी. एरवी दवाखान्याच्या उपचारांवर जीएसटी नसतो, पण अशा ऑपरेशनवर १८ टक्के लागतो. तेव्हा अंदाजपत्रक घेताना सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, औषधं, पट्टा आणि कर हे वेगळं वेगळं लिहून मागावं. सर्जनची पदवी एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरीची आहे का, बघावं. मानेला गाठ किंवा फुगवटा असेल तर ती नुसती सैल कातडी आहे की थायरॉईड, हे आधी तपासून घ्यावं. आणि खर्चाच्या यादीत शेवटी एक ओळ स्वतः घालावी: पंधरा दिवस घरकामाला दुसरी बाई. आमच्या जावेनं पै पैचा हिशेब मांडला होता, ही एक ओळ तेवढी नव्हती.

आता धर्माचं, कारण तुमच्यापैकी पुष्कळजणी मनात तेच म्हणत असणार. आपले मुनी केशलोच करतात, स्नानसुद्धा करत नाहीत, आणि आपण गळ्याच्या कातडीवर पैसा ओतायचा? खरं सांगू, मी स्वतः करणार नाही. देहाचं घसारा खातं कुणाला थांबवता आलेलं नाही, असं मला अजूनही वाटतं. पण मग मी केसांना कलप का लावते? दात का बसवून घेतले? लग्नात साज का घालते? मानकषाय कुणात किती हे तोलायचा काटा माझ्या हातात नाही. मुनींची वाट वेगळी, आपली श्राविकांची वेगळी. आपल्या वाटेत मर्यादा जिनं तिनं घालून घ्यायच्या असतात. शेजारणीच्या मर्यादा आपण ठरवायच्या नसतात.

उलट शास्त्रानं आपल्यावर जे सोपवलंय ते मी विसरले होते. वैयावृत्त्य, म्हणजे आजाऱ्याची सेवा, हे सहा अभ्यंतर तपांतलं एक. ती सेवा मुनींची असली तरच पुण्य आणि जावेची असली तर घरकाम, असं मला वाटत नाही. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत निर्विचिकित्सा आहे, दुसऱ्याच्या देहाची किळस न करणं. तिथे उद्दायन राजाचं उदाहरण देतात, ज्यानं ओकणाऱ्या मुनींची सेवा हातानं केली. आणि त्याच आठांत उपगूहन आहे, दुसऱ्याची उणीव झाकणं, चारचौघांत उघडी न करणं. मी उपवास मोजून केले, पूजा चुकवली नाही, आणि हळदीकुंकवाला नात्यातल्या बाईची उणीव दहाजणींपुढे उघडी करून हशा पिकवला. परनिंदा कुठला बंध पाडते हे शाळेतल्या पाठशाळेपासून ऐकत आलेय. त्या दिवशी ते आठवलं नाही.

म्हणून सुना, जावा, नणंदा सगळ्यांना माझं एवढंच मागणं आहे. घरातली एखादी असं काही करायचं म्हणाली तर मत एकदाच सांगा, आधी सांगा, तिच्या तोंडावर सांगा. ती तरीही गेली तर परत आल्यावर मत बंद आणि वरण-भात सुरू. ज्या करणार आहेत त्यांनाही सांगते, गावाला सांगू नका हवं तर, पण घरातल्या एका बाईला खरं सांगा. अशी एक की जी शेक घेऊन आली तर तिला "नको, डॉक्टर नको म्हणालेत" असं सांगता येईल.

लग्न झालं. जाऊनं ठुशी घातली नाही. फोडांची जागा अजून कोवळी होती, सोनं घासलं असतं. साज घातला, वरून पदर दोन्ही खांद्यांवर घेतला. कानामागचे काप आता शोधून सापडत नाहीत. भाजल्याचा डाग तेवढा कानाखाली राहिलाय, फिका झालाय, पण आहे. तिला विचारलं कुणी तर ती "मिसरीचं तेल उडालं" असं काहीतरी सांगायची. मागच्या महिन्यात एका बाईंनी माझ्यासमोर विचारलं, तेव्हा मीच सांगितलं, "मी भाजवलंय." त्या दचकल्या. जाऊ मात्र मोकळी हसली.

येत्या माघात आमच्या पुतणीचं, तिच्याच लेकीच्या धाकटीचं, लग्न निघतंय. ठुशी सोनाराकडे पॉलिशला दिलीय. या वेळी ती जावेच्याच गळ्यात जाणार, रिवाजाला मुरड घालून. तिच्या लेकीनंच तसं ठरवलंय.

जय जिनेंद्र.